ऊन, कातडी आणि द्राक्षवेल



गोदावरीच्या काठी, यशवंतराव महाराज पटांगणावर, १९२२ पासून चालत आलेल्या या वसंत व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्यासाठी चालकांनी आम्हांस बोलावले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही वक्ते नव्हे. रसायनशास्त्र शिकवण्यात आमचे आयुष्य गेले, आणि फळ्यावर खडूने लिहिल्याशिवाय आम्हांस बोलता येत नाही. इथे फळा नाही. तेव्हा जे सांगावयाचे ते सूत्रांवाचून सांगण्याचा प्रयत्न करतो. कोठे अडखळलो तर आपण सांभाळून घ्यालच.

आपण सारे इथे जमता ते ऊन उतरल्यावर. हे ऊन आज आमच्या विषयाचे अर्धे अंग आहे. नाशिक हे साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर वसलेले गाव आहे. त्यामुळे मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास एक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या आगेमागे सूर्य अगदी डोक्यावर असतो, आणि सरळ उभ्या केलेल्या काठीला सावलीच राहत नाही. पावसाळ्याचे ढग अजून यावयाचे असतात, आकाश कोरे असते, आणि आपले गाव समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जो निर्देशांक ठरवला आहे, त्यात ११ आणि त्यापुढील आकड्यांना 'आत्यंतिक' म्हटले आहे. मे महिन्याच्या दुपारी आपण त्या पायरीवर उभे असतो. आणि नेमक्या याच दिवसांत, एप्रिलची खरड छाटणी उरकून, द्राक्षबागेत नव्या फुटींची विरळणी आणि शेंडे मारण्याचे काम चाललेले असते.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण एका बागाईतदाराचा प्रश्न. निफाड तालुक्यातल्या एका गावी आम्ही गेलो होतो. त्या गृहस्थांनी आम्हांस एक कात्रण दाखवले. द्राक्षे खाल्ल्याने उन्हापासून कातडीचे रक्षण होते आणि कातडीचा कर्करोगही टळतो, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. ते हसत म्हणाले, "मास्तर, मग आमच्या घरात टोपी कशाला पाहिजे? आम्ही तर द्राक्षातच जन्मलो." प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर थट्टेचे नव्हते, आणि त्या वेळी आम्हांस ते नीट देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

प्रथम उन्हाचा विचार करू. सूर्यप्रकाशात जांभळ्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण आहेत, हे १८०१ मध्ये जर्मनीत रिटर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवले. चांदीचे एक लवण उजेडात काळे पडते. ते जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, अधिकच लवकर काळे पडले. हेच अतिनील किरण. त्यांचे तीन भाग करतात. सर्वांत आखूड लांबीचे किरण वातावरणातला ओझोन वायू पूर्णपणे अडवतो, म्हणून आपण जगतो. २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या मधल्या किरणांना 'ब' म्हणतात. ओझोन त्यांपैकी बहुतेक गाळतो, तरी काही खाली पोचतात. ३१५ ते ४०० पर्यंतचे 'अ' किरण तर बहुतांशी खाली येतात आणि खिडकीच्या काचेतूनही आत शिरतात. कातडी भाजते ती मुख्यतः 'ब' किरणांमुळे. 'अ' किरण खोल जातात, आणि त्यांचे काम सावकाश पण चिकाटीने चालते.

हे किरण कातडीच्या पेशीत शिरले म्हणजे काय होते? पेशीच्या मध्यभागी डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो. आपल्या शरीराची सारी बाडे त्यावर लिहिलेली असतात, असे म्हणा. त्या लेखनाची अक्षरे चार. त्यांपैकी दोन विशिष्ट अक्षरे शेजारी शेजारी आली आणि त्यांवर 'ब' किरण पडले की ती एकमेकांस चिकटतात. चिकटलेले अक्षर वाचता येत नाही, आणि नक्कल करताना चूक होते. निसर्गाने यावर तोड ठेवली आहे. पेशीत दुरुस्ती करणारे कारकून असतात. ते चिकटलेला तुकडा कापून काढतात आणि समोरच्या धाग्यावरून पाहून योग्य अक्षरे पुन्हा भरतात. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल अझीझ संजार यांना आणखी दोघांसह २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुरुस्ती वेळेत झाली तर बरेच. न झाल्यास, आणि ती चूक नेमकी पेशीच्या वाढीला लगाम घालणाऱ्या भागात राहिली तर, पेशी बेलगाम वाढू लागते. कर्करोगाची ही पहिली पायरी.

दुसरीही एक गोष्ट होते. १९७० च्या दशकात मार्गारेट क्रिप्के या संशोधिकेला आढळले की अतिनील किरणांमुळे उंदराला झालेली गाठ दुसऱ्या निरोगी उंदराच्या अंगात लावली तर ते उंदीर तिला झिडकारते. मात्र त्या दुसऱ्या उंदरावरही आधी किरण पाडलेले असले, तर गाठ तिथे सुखाने वाढते. म्हणजे ऊन नुसता चोर पाठवीत नाही, रखवालदारालाही गुंगी देते. हे लक्षात ठेवा, कारण वनस्पतींच्या रसायनांची कथा या दोन्ही ठिकाणांशी निगडित आहे.

आता आपल्याकडचा प्रश्न असा की, हा रोग आपल्याला कितपत होतो? येथे खरे तेच सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांमध्ये तो घरोघरी आहे. आपल्याकडे तो तुलनेने पुष्कळच विरळा आहे. आपल्या कातडीतले काळे रंगद्रव्य पेशीच्या गाभ्यावर छत्रीसारखे पसरते आणि किरण गिळते. सावळ्या रंगाबद्दल आपल्या समाजात जे बोलले जाते, विशेषतः मुलगी दाखवताना, ते ऐकून आम्हांस नेहमी वाटते की हे लोक देवाने फुकट दिलेली छत्री मोडीत काढावयास निघाले आहेत.

आपल्याकडचे त्वचेचे कर्करोग पुष्कळदा निराळ्याच वाटेने आले. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तिथे विकृतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात, धोतर कमरेशी वर्षानुवर्षे घट्ट नेसल्याने तिथे घर्षण होऊन कातडीचा कर्करोग होतो, असे दाखवले होते. पुढे नऊवारी-पाचवारी घट्ट नेसणाऱ्या बायकांतही तोच प्रकार आढळला. काश्मीरात कांगडीच्या शेगडीने पोटावर होतो, आपल्याकडे भाजल्याच्या जुन्या व्रणातून होतो, आणि काळ्या डागाचा घातक प्रकार तळपायावर होतो, जिथे ऊन कधीच पोचत नाही.

मग उन्हाची भीती कोणाला? पहिल्याने, ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंगद्रव्य नसते, त्यांना. अशी मुले आपल्या खेड्यांतून आहेत. केस पांढरे, डोळे उजेडाला न सोसणारे. लोक त्यांना नावे ठेवतात, पण टोपी कोणी देत नाही. दुसऱ्याने, ज्यांच्या पेशीतले ते दुरुस्तीचे कारकूनच जन्मतः गैरहजर असतात, त्यांना. १९६८ मध्ये क्लीव्हर यांनी दाखवून दिले की झीरोडर्मा नावाच्या रोगात नेमके हेच बिघडलेले असते. त्या मुलांच्या तोंडावर लहानपणीच काळे ठिपके उठतात आणि पुढे गाठी होतात. आई व बाप या दोघांकडून दोष आला तरच हा रोग होतो. म्हणून जवळच्या नात्यात लग्ने करणाऱ्या घराण्यांत तो अधिक दिसतो, आणि मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे आहेच. तिसऱ्याने, ज्यांना दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले आहे आणि ते टिकावे म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, त्यांना. आणि चौथ्याने, चेहरा, मान आणि हात जन्मभर उन्हात ठेवून काम करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, काही प्रमाणात. शिवाय याच उन्हाने डोळ्याच्या पांढऱ्यावर मांस वाढते, ते शेतकऱ्यांत सर्रास दिसते.

आता वेलीकडे येऊ. माणूस उन्हातून उठून झाडाखाली बसतो. झाडाने कुठे जावे? ते जागच्या जागी उभे राहून सारे ऊन सोसते. म्हणून वनस्पतींनी आपल्या अंगातच उपाय तयार केले. १९७६ मध्ये लँगकेक आणि प्राइस या दोन संशोधकांना आढळले की द्राक्षवेलीच्या पानाला बुरशी लागली किंवा इजा झाली की पान रेझव्हेराट्रॉल नावाचे द्रव्य तयार करू लागते. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की पानावर अतिनील किरण पाडले तरीही ते तयार होते. हे द्रव्य प्रथम जपानात १९३९-४० च्या सुमारास ताकाओका यांनी एका डोंगरी वनस्पतीच्या मुळातून काढले होते, पण द्राक्षाच्या सालीत ते असल्याने त्याला प्रसिद्धी मिळाली. आपण ध्यानात घ्यावे की वेल हे द्रव्य तयार करते ते स्वतःसाठी. आपल्यासाठी नव्हे.

१९९७ मध्ये जॉन पेझुटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतून प्रसिद्ध केले की उंदराच्या कातडीवर रसायनांनी उठवलेल्या गाठी या द्रव्याने कमी होतात. २००३ मध्ये संतोष कटियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलाबामा विद्यापीठात बिनकेसांच्या उंदरांवर प्रयोग केले. उंदरांच्या खाण्यात द्राक्षाच्या बियांतून काढलेली तुरट द्रव्ये शेकडा ०.२ आणि ०.५ या प्रमाणात मिसळली आणि त्यांवर 'ब' किरण पाडले. ज्यांनी ती खाल्ली त्यांना गाठी कमी झाल्या, आणि झाल्या त्या लहान राहिल्या. त्याच वर्षी रेझव्हेराट्रॉल कातडीवर चोळूनही किरणांची इजा कमी होते, असे दुसऱ्या गटाने दाखवले. हिरव्या चहाचा अर्क पाजलेल्या उंदरांतही १९९० च्या दशकात असेच दिसले होते.

ही द्रव्ये करतात काय? त्यांचे रेणू काही प्रमाणात किरण स्वतःच गिळतात. किरणांमुळे पेशीत जे दाहक, अस्थिर ऑक्सिजनचे तुकडे सुटतात, त्यांना ही द्रव्ये विझवतात. सूज कमी करतात. चिकटलेल्या अक्षरांची दुरुस्ती लवकर होण्यास मदत होते, असे उंदरांत दिसले. आणि आम्ही मघाशी सांगितलेला गुंगीत पडलेला रखवालदार काही अंशी जागा होतो.

इथे नाशिककरांना एक गंमत सांगितली पाहिजे. आपल्या बागांतून जी द्राक्षे खाण्यासाठी निघतात, ती थॉमसन काय, तास-ए-गणेश काय, बहुतेक बिनबियांचीच. बी तोंडात येऊ नये म्हणून आपण वाण निवडले, आणि शास्त्रज्ञ उंदरांना बीच खाऊ घालीत आहेत! बी उरते ते वारुणीच्या कारखान्यांतल्या चोथ्यात. त्यावर कोणी म्हणेल, मग वारुणीच घेऊ. त्यास आमचा सक्त विरोध आहे, आणि तो केवळ सोवळेपणाने नव्हे. वारुणीत रेझव्हेराट्रॉल लिटरला काही मिलिग्रॅम, आणि मद्यार्क मात्र भरपूर. मद्यार्क हा स्वतः कर्करोगकारक ठरलेला पदार्थ आहे. विस्तवाने विस्तव विझत नाही.

मग माणसांवर काय दिसले? बागाईतदारांच्या कात्रणातला प्रयोग हा असा. २०२१ मध्ये अलाबामातच एकोणीस निरोगी माणसांना चौदा दिवस रोज द्राक्षांची भुकटी दिली, जी सुमारे सव्वादोन कप ताज्या द्राक्षांइतकी होते. आधी आणि नंतर त्यांच्या कातडीवर किरण पाडून, कातडी जेमतेम लाल होण्यास किती मात्रा लागते ते मोजले. ती मात्रा सरासरीने ७४.८ टक्क्यांनी वाढली. बातमी झाली ती या आकड्याची. परंतु माणसे एकोणीसच, आणि द्राक्षे न खाणारा वेगळा गट तुलनेला नव्हता. या कामास कॅलिफोर्नियातल्या द्राक्षउत्पादकांच्या मंडळाने साहाय्य केले होते. त्याने निष्कर्ष खोटा ठरतो असे नाही, पण वाचणाऱ्याने चष्मा पुसून वाचावे एवढे खरे. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्या गटाने एकोणतीस माणसांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा फक्त नऊ जणांत परिणाम दिसला. वीस जणांत नाही.

आता आपण थोडा हिशेब करू. कातडीला चोळण्याच्या लेपाच्या डबीवर १५, ३० असे आकडे असतात. त्याचा अर्थ, लेपाशिवाय कातडी लाल होण्यास जितकी मात्रा लागते त्याच्या तितके पट मात्रा लेप लावल्यावर लागते. या मापाने पाहू. लालीची मात्रा ७४.८ टक्क्यांनी वाढली, म्हणजे ती पावणेदोन पट झाली. म्हणजे द्राक्षाचा आकडा झाला पावणेदोन. पातळ पांढऱ्या सुती कापडाचा आकडा पाचसात असतो, जाड विणीच्या कापडाचा त्याहून किती तरी अधिक. भिजलेल्या कापडाचा मात्र उतरतो. म्हणजे, ज्यांच्यावर परिणाम झाला त्यांचाही सर्वोत्तम हिशेब धरला, तरी डोक्यावरून घेतलेला साधा पदर द्राक्षाच्या घडापेक्षा तिपटीने सरस ठरतो. आणि पदर वर्षभर असतो, द्राक्षे चार महिने.

शिवाय, लाली आणि कर्करोग या एक गोष्ट नव्हेत. लाली संध्याकाळी दिसते, कर्करोग वीसतीस वर्षांनी. लाली कमी झाली म्हणून कर्करोग टळला, असे म्हणता येत नाही. ते पाहावयाचे तर शेकडो माणसे वर्षानुवर्षे तपासावी लागतात. असे तपास झाले आहेत, आणि ते फार बोधप्रद आहेत.

गाजरातला नारिंगी पदार्थ बीटा-कॅरोटिन हा एके काळी मोठा आशेचा विषय होता. ज्यांना एकदा त्वचेचा कर्करोग झाला होता अशा १८०५ माणसांपैकी काहींना पाच वर्षे रोज ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आणि काहींना नुसती बनावट गोळी दिली. १९९० मध्ये निकाल लागला : नवा कर्करोग होण्यात काहीच फरक पडला नाही. १९९४ मध्ये फिनलंडातून आलेली वार्ता तर अधिक धक्कादायक. तिथे २९,१३३ विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. ज्यांना बीटा-कॅरोटिन दिले त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. जो पदार्थ गाजरात निरुपद्रवी, तोच गोळीतून मोठ्या मात्रेत घेतला तेव्हा घातक झाला. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी १९९२ पासून १६२१ रहिवाशांवर एक प्रयोग झाला. बीटा-कॅरोटिनचा उपयोग दिसला नाही, पण रोज सकाळी डोके, मान व हातांना लेप लावणाऱ्यांत एका प्रकारचा त्वचेचा कर्करोग सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला. दुसऱ्या एका प्रकारात मात्र फरक पडला नाही.

एका गोळीचा मात्र उपयोग दिसला. निकोटिनामाइड नावाचे ब गटातले साधे जीवनसत्त्व. आपल्या भुईमुगाच्या दाण्यांत त्याच जातीचे जीवनसत्त्व विपुल असते. २०१५ मध्ये सिडनीहून प्रसिद्ध झालेल्या कामात, पूर्वी हा कर्करोग झालेल्या ३८६ माणसांपैकी ज्यांना वर्षभर दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम दिले, त्यांच्यात नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले. गोळ्या थांबवल्या की उपयोगही थांबला. आणि इतकी मात्रा दाणे खाऊन मिळत नाही. ते औषध म्हणून, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्याची गोष्ट आहे.

आपल्या हळदीबद्दल न बोलता उठलो तर आपण आम्हांस घरी जाऊ देणार नाही. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. भिडे आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले की हळद खाऊ घातलेल्या उंदरांत, रसायनांनी उठवलेल्या कातडीच्या व पोटाच्या गाठी कमी झाल्या. हे काम आपल्या अभिमानाचे आहे. पण तिथे कारण रसायने होती, ऊन नव्हे. आणि हळदीतले मुख्य द्रव्य आतड्यांतून फारच थोडे रक्तात उतरते. हळदीच्या एकस्वाची कथाही आपण ऐकली असेल. जखमेवर हळद लावण्याचे एकस्व १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले, आणि गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या परिषदेचे प्रमुख होते त्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करविले. ते कशाच्या बळावर? घोषणांच्या नव्हे, जुन्या लेखी पुराव्यांच्या. आम्हांस वाटते, हळदीचा खरा सन्मान याच मार्गाने होतो. ती जखमेवर चालते याचा पुरावा होता, म्हणून आपण जिंकलो. ती उन्हाचा कर्करोग टाळते याचा माणसांतला पुरावा अजून नाही. मग तसे म्हणू नये.

'वनस्पतीचे आहे, म्हणजे अपाय नाही' हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. तीन उदाहरणे देतो, तिन्ही कातडीचीच. पहिले बावचीचे. कोडावर बावची लावून उन्हात बसावे, हा आपला फार जुना उपाय. त्यातले सोरालेन नावाचे द्रव्य उन्हातल्या 'अ' किरणांना धरून काम करते, आणि त्याने कोडात रंग परततो हे खरे आहे. त्याच जातीचे द्रव्य व 'अ' किरण मिळून सोरायसिस नावाच्या रोगावर उपचार झाले. १९७० च्या दशकात अमेरिकेत असे उपचार घेतलेल्या १३८० रोग्यांकडे पुढे कित्येक वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा अधिक वेळा उपचार घेतलेल्यांत त्वचेचा कर्करोग पुष्कळ वाढलेला दिसला. म्हणजे वनस्पतीचे एक द्रव्य उन्हापासून वाचवते, तर दुसरे उन्हाच्या हाती शस्त्र देते. बावची लावा, पण वैद्य-डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आपल्या मनाने नव्हे.

दुसरे जमालगोट्याचे. त्याच्या बियांचे तेल हे उंदराच्या कातडीवर कर्करोगाची वाढ घडवून आणण्याचे प्रयोगशाळेतले नेहमीचे साधन आहे. १९४१ पासून शास्त्रज्ञ ते वापरीत आले. तिसरे, आपल्या शेरा-निवडुंगाच्या कुळातल्या एका लहानशा तणाच्या चिकाचे. ऑस्ट्रेलियात तो चीक लोक कातडीवरच्या डागांना लावीत. त्यातले द्रव्य शुद्ध करून २०१२ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. उन्हाने उठलेले, कर्करोगाआधीचे खरखरीत डाग त्याने जात. पण पुढे तुलनेच्या प्रयोगात त्याच जागी कर्करोग अधिक होतो की काय असे दिसले, आणि २०२० मध्ये युरोपात ते काढून घेण्यात आले. लोकांचा अनुभव, शुद्ध द्रव्य, सरकारी मान्यता, सारे असूनही शेवटचा निकाल वर्षे उलटल्यावर लागला. या शास्त्रात घाई चालत नाही ती अशी.

आता त्या बागाईतदार गृहस्थांकडे परत जाऊ. आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल, थंडीत द्राक्षाचे मणी पाणी भरू लागले की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येऊ नये म्हणून बागेत घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. दिवसचे दिवस बाया ते काम करतात. एका एकरात हजारो घड, आणि प्रत्येकाला कागदाचे अंगरखे. घडाला अंगरखा का? कारण घडाला भाव आहे. मण्याचा रंग बिघडला तर व्यापारी तो नाकारतो.

आणि त्या घडाला कागद गुंडाळणाऱ्या बाईच्या अंगावर काय असते? पेठ-सुरगाण्याकडून टोळ्याच्या टोळ्या निफाड-दिंडोरीला कामाला येतात. एप्रिलच्या छाटणीला वेलीवर पान नसते, मांडवाची सावली नसते, आणि सूर्य डोक्यावर असतो. एका टोळीत आम्ही एक मुलगा पाहिला. दहाबारा वर्षांचा, केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, डोळे मिचकावीत आईमागे काड्या गोळा करीत होता. नाकाची आणि कानांची कातडी भाजून सोललेली. आम्ही त्याच्या आईला विचारले, याला टोपी का नाही? ती म्हणाली, "उन्हाचं काय, सगळ्यांनाच लागतं." ऊन सगळ्यांनाच लागते हे खरे, पण सगळ्यांना सारखे लागत नाही, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. त्या मुलाला द्राक्षाच्या बियांचा अर्क नको होता. त्याला मोठ्या काठाची टोपी, लांब बाह्यांचा सदरा, कानाला लावण्यास लेप, काळा चष्मा, आणि दुपारी अकरा ते चार सावलीत बसण्याची मुभा हवी होती. शाळा हवी होती हे तर वेगळे सांगावयास नको.

म्हणून त्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. द्राक्षे खा, आनंदाने खा, ते उत्तम फळ आहे. वनस्पतींतल्या द्रव्यांवरचे संशोधन खरे आहे, त्यात आशा आहे. कदाचित उद्या त्या चोथ्यातल्या बीपासून, ज्यांच्या पेशीत दुरुस्तीचे कारकूनच नाहीत अशा मुलांसाठी, एखादा लेप निघेलही. तो नाशिकच्या बीपासून निघाला तर आमच्याइतका आनंद कोणास होणार नाही. पण ती उद्याची गोष्ट. टोपी ही आजची गोष्ट आहे. जे सिद्ध झाले आहे ते स्वस्त आहे आणि कोणी त्याची जाहिरात करीत नाही : सावली, कापड, टोपी, ज्यांना गरज त्यांना लेप, आणि कातडीवर न भरणारी जखम, वाढणारा डाग किंवा तळपायावर पसरणारा काळा ठिपका दिसला तर महिन्याच्या आत डॉक्टरांकडे जाणे.

बागाईतदार मंडळींना आमची एक विनंती आहे. आपण घडासाठी कागद विकत आणता, औषधांची, संजीवकांची बिले भरता, त्याच वहीत एक ओळ टोप्यांची घाला. छाटणीची वेळ सकाळी लवकर व ऊन उतरल्यावर ठेवा. बांधावर एक जुने शेडनेट ताणून द्या. आणि टोळीत एखादे पांढऱ्या केसांचे मूल दिसले, तर त्याला उन्हात उभे करू नका.

गेल्या हंगामात ते गृहस्थ आम्हांस पुन्हा भेटले. आम्ही हा सारा हिशेब त्यांना सांगितला, पावणेदोन आणि पाचसात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे घड झाकतो तसं माणूस झाकायचं, एवढंच ना?" आम्ही तास दीड तास बोललो, त्यांनी ते एका वाक्यात सांगितले. त्याहून अधिक आम्हांस काही सांगावयाचे नाही.